पहिलं पेडल

मंगळवारी घटांगच्या उतारावर
पेडल थेट फळीला टेकलं
आणि जिप्सी थांबली, ती माझ्यामुळे नाही,
एका सागाच्या बुंध्यामुळे.
मागे तीन वनरक्षकांचा आठवड्याचा किराणा.
हळदीचं पाकीट फुटलं,
आम्ही सगळे नवरदेवासारखे पिवळे.

आज परतवाड्याला, दौलत मिस्त्रीच्या टिनाखाली
गाडी ठोकळ्यांवर बसली आहे
चपला काढून ओट्यावर बसलेल्या पाहुण्यासारखी.
मिस्त्रीला आता वाकता येत नाही.
तो स्टुलावर खर्रा घोटतो,
हात चालतात फुलवंती कासदेकरचे,
धारणीच्या आयटीआयची, ओढणी कमरेला गाठलेली.

ती जुना पॅड माझ्या तळहातावर ठेवते.
मारी बिस्किटाहून पातळ.
'भाऊ, याच्यावर तुम्ही माणसं नेत होते?'

चार वर्षांपूर्वी तो बोटाएवढा जाड होता.
ते बोट कुठे गेलं, मला ठाऊक आहे.
थोडं सेमाडोहच्या पुलाअलीकडे,
अस्वलीण पिलांना घेऊन भर रस्त्यात
मोहफुलं खात बसली होती त्या पहाटे;
थोडं हरिसालच्या बाजारात, एकेका कोंबडीपायी;
बरंचसं साहेबांच्या फोनला रेंज यायची त्या वळणावर.
एकदा मात्र नाही थांबलो.
अंधार पडत होता, कुणीतरी हात करत होतं,
मला उशीर झाला होता.
तेवढी जाडी वाचली होती.
नंतर तीही कुठेतरी घासली गेली.

डिस्कच्या काठाला ओठ आलेला.
मिस्त्री बसल्या जागेवरून नख फिरवतो, नख अडकतं.
'गेली हे, बापा.'
फुलवंती तरीही गेज लावते,
कडेला कोरलेला आकडा चिंधीनं पुसून वाचते,
दोनदा मोजते. आकड्याच्या खाली.
'मंग? माह्या नखानं काय सांगतलं होतं?'

नवी डिस्क पेट्रोलनं पुसली
तेव्हा तिच्यात आधी टिनाचं भोक दिसलं, मग मी.
पण जाड पॅड आत जाईना.
पिस्टन चार वर्षं रोज केसभर पुढे सरकत आलेला,
हीच आपली जागा, असं समजून बसलेला.
ती जुनाच पॅड मध्ये धरते, शिकंजा आवळते.
वरच्या डबीत काळं तेल चढत येतं,
ती ते सिरिंजनं ओढून घेते.
'हळू,' मिस्त्री म्हणतो,
'त्याले मागं जायाची सवय नाही.'
आणि स्टूल थोडं भिंतीकडे सरकवतो.

चाकं चढली. मी किल्ली फिरवणार,
तोच ती बोनेटवर थाप मारते.
'आधी पेडल!'
पाय दाबला. रिकामा. थेट फळीपर्यंत,
अगदी मंगळवारसारखा.
पोटात सगळी हळद पुन्हा सांडली.
दुसऱ्यांदा काहीतरी लागलं.
तिसऱ्यांदा खालून कुणीतरी
माझा पाय धरून ठेवला.

मग बैतूल रोडला, ती शेजारी बसून मोजते:
चाळीसवरून दहावर, पुन्हा चाळीस, पुन्हा दहा.
'थांबायचं नाही. गरम पॅडचा डाग पडते.'
दहा वेळा थांबल्यासारखं करायचं.
संत्र्याच्या बागेतला राखणदार
प्यालेला माणूस बघावा तसा बघतो.

आठव्या वेळेला गाडी मंदावली
आणि एका म्हाताऱ्याला वाटलं, त्याच्याचसाठी.
पिशवी उचलून हात केला त्यानं.
मी फुलवंतीकडे पाहिलं.
ती म्हणाली, 'दोन राहिले.'
आरशात तो हात बराच वेळ वरच होता.

नऊ. दहा. मग तीन मैल
ब्रेकला पाय न लावता, वारा खाऊ देत.
नाक्याच्या अलीकडे गाडी वळवली.
तो अजून तिथेच, पिशवी खाली ठेवलेली.

पूर्ण थांबलो. चाक गोट्यासुद्धा न उडवता थांबलं.
म्हातारा मागे चढला,
नाक वर करून हुंगलं त्यानं,
'काहून बावा,' म्हणाला,
'काही जयल्याचा वास येऊन रायला.'